शेवटच्या लाईटनंतर

कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पडले की नवख्याला ठसका लागतो. हमालांच्या ते अंगवळणी पडलेलं असतं. पण तोंडाच्या कॅन्सरवर लाईट, म्हणजे किरणोपचार, घेऊन परतलेल्या हमालाचं तसं नसतं. लाळ आटलेली, तोंडाची आतली कातडी हुळहुळी. मिरचीची धूळ दूरच, घरचा सावजी रस्सासुद्धा सोसवत नाही. ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या मज्जातंतूला कधी कधी इजा होते, आणि पोती वाहणाऱ्याचं पोट तर खांद्यावरच चालतं. फाईलमध्ये मात्र लिहून आलेलं असतं की रोग उरलेला नाही.

नागपूरला हा आजार नवा नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीनं इथं १९८० पासून रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग पुढच्या रांगेत राहिला आहे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा चौकाचौकात मिळतो. उपचारांसाठी मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, वर्धा रोडवर जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. शेवटची लाईट झाली की रुग्णाला तपासणीची पुढची तारीख मिळते.

मनाचं खरं दुखणं या तारखेपासून डोकं वर काढतं.

पहिल्या वर्षात दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, कारण रोग उलटण्याची भीती तेव्हाच जास्त. तारीख जवळ आली की माणसाची भूक मरते. गालात साधा फोड आला तरी रात्र जागून निघते. टपरीवर कुणीतरी विचारतं, ‘‘तोंडाले काय झालं गा?’’ आणि उत्तर द्यायला जीभ नीट वळत नाही. जुने सोबती सवयीनं खर्रा पुढे करतात. घरात कुणी पेला वेगळा ठेवतं. हा रोग उष्ट्यातून पसरत नाही, तरीही. सगळ्यात खोल रुतलेली असते ती शरम: हे आपणच ओढवून घेतलं, बायकोचे दागिने आपल्यापायी गेले. ही गोष्ट माणूस डॉक्टरांना सांगत नाही, बायकोला तर मुळीच नाही.

ती तो सांगू शकतो त्याच वाटेनं गेलेल्या माणसाला. गटोपचार याच पायावर उभा आहे. आठ-दहा जण, आठवड्यातून एकदा, सुमारे दीड तास, सहा ते आठ आठवडे. बाहेर काही बोलायचं नाही, हा पहिला नियम. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ बोलणं पुढे नेतो, गप्प राहणाऱ्याकडे लक्ष ठेवतो, सल्ल्यांचा भडिमार थांबवतो. एखादा म्हणतो की मी आता लग्नाच्या पंगतीत बसतच नाही, घास ओठातून ओघळतो. समोरचा सांगतो, मी आधी घरी जेवून जातो आणि पंगतीत नुसता मठ्ठा घेतो. मग फोड आणि गाठ यांतला फरक, श्वासावरचं लक्ष, कामावर परतण्याची तयारी असे विषय क्रमानं येतात. नुसत्या मदतगटापेक्षा हे वेगळं, कारण इथं ठरलेला आराखडा असतो आणि कुणाची निराशा खोल गेली तर त्याला वेळेत मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं जातं.

गटानं आयुष्य वाढतं का? स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. गटात बसलेल्या स्त्रिया सरासरीनं जवळपास दुप्पट काळ जगल्या होत्या. जगभर आशा उसळली. पुढे २००१ मध्ये कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की मन सावरतं आणि वेदना कमी जाणवते. हे ‘एवढंच’ फार मोलाचं आहे. जगलेल्या दिवसांत माणूस घराबाहेर पडतो की भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, हा फरक थोडा नव्हे.

महाराष्ट्रात या विचाराची मुळं आहेत. टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी उपचारानंतरचं क्लिनिक १९९१ मध्येच सुरू झालं. अशा मुलांनी मोठं होऊन इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं ‘उगम’ हा गट बांधला. आणि विदर्भाला एकत्र बसणं कुणी शिकवायला नको. ज्या तुकडोजी महाराजांच्या नावानं नागपूरचं रुग्णालय उभं आहे, त्यांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली, आणि १९६८ साली त्यांचं निधन कर्करोगानंच झालं.

अडचण आहे ती अंतराची आणि रोजीची. कळमना शहराच्या एका टोकाला, जामठा पार दुसऱ्या. गटासाठी दर आठवड्याला अख्खी मजुरी बुडवणं कुणालाच परवडणार नाही. माथाडी कायदा १९६९ पासून आहे; हमालांची नोंदणी आणि कल्याणाची तरतूद त्यातूनच आली. मग बाजार आवारातच एक खोली मिळावी, लिलाव उरकल्यावर तिथं रुग्णालयाचा मानसशास्त्रज्ञ यावा, शेजारी बायकांची वेगळी बैठक व्हावी, ही मागणी अवाजवी नाही. तोवर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’च्या सरकारी क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. बाजारातल्या पहिल्या तुकडीत आठच जण आले तरी चालेल, गटाला त्याहून फारशी माणसं लागत नाहीत.