यात्रेच्या हंगामात तमाशा कलावंत कसा जगतो? सुपारीपासून हजेरीपर्यंतचा हिशोब

आहुपे (ता. आंबेगाव) : चैत्र लागला की आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांत गावोगाव यात्रा सुरू होतात. सकाळी अभिषेक, मांडव डहाळे, दुपारी बैलगाडे, संध्याकाळी छबिना आणि रात्री लोकनाट्य तमाशा, असा ठरलेला बेत. आहुप्यासारख्या डोंगरकडेच्या गावातली माणसं हिरड्याच्या कामातून सवड काढून डिंभे धरणाच्या काठाकाठानं खाली उतरतात, पाहुण्यांकडं यात्रेला जातात आणि तमाशा बघून पहाटे परततात. बघणाऱ्याची ती वर्षातली एक-दोन रात्रींची मजा असते. स्टेजवरच्या माणसाला मात्र अशा पन्नासेक रात्री एकामागून एक काढायच्या असतात. उघड्या मैदानात, रोज नव्या गावात आणि रोज नव्या पाण्यावर. त्याचं हे काम कसं चालतं, पैसे कसे ठरतात आणि अडचण कुठं येते, ते समजून घेऊ.

नारायणगावात काय ठरतं?

पुणे-नाशिक महामार्गावरचं जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आधीपासून इथं फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर मंडळाचा बोर्ड, आत एक टेबल, एक वही आणि मॅनेजर. पुणे, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांतून यात्रा कमिट्यांची माणसं येतात, चार राहुट्या फिरतात, चहा पितात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. सुपारी म्हणजे अमुक तारखेला अमुक गावात खेळ करायचा करार. काही रक्कम विसार म्हणून तिथंच, बाकीची खेळाच्या दिवशी.

सगळ्या तारखांचा भाव सारखा नसतो. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय तृतीया, बुद्ध पौर्णिमा या दिवशी एकाच वेळी अनेक गावांच्या यात्रा येतात. फड तेवढेच आणि गिऱ्हाईक जास्त, म्हणून त्या तारखेची सुपारी वाढते. मधल्या रिकाम्या तारखेला तोच फड कमी पैशात मिळतो. फडाचं नाव, माणसांची संख्या, लाईट-साउंड आणि अंतर यावर आकडा ठरतो. तो आता लाख-दीड लाखापासून पुढेच बोलला जातो.

फडही दोन प्रकारचे. दसऱ्याला बाहेर पडून उन्हाळ्यापर्यंत तंबू ठोकून तिकिटावर खेळ करणारे मोठे फड वेगळे. फक्त यात्रांपुरते उभे राहणारे हंगामी फड वेगळे. मोठ्या फडात कलावंत, वादक, बिगारी, आचारी, ड्रायव्हर मिळून शंभराच्या घरात माणसं असतात. हंगामी फड तीस-चाळीस माणसांत भागवतो. यात्रेत मोठे फडही तंबू बाजूला ठेवून सुपारीवर उघड्यावर खेळ करतात. तेव्हा तिकीट नसतं, सगळं गाव फुकट बघतं आणि पैसे लोकवर्गणीतून जातात.

एक गोष्ट इथं लक्षात येण्यासारखी आहे. याच नारायणगावात शेतमजुरांचाही बाजार भरतो. डोंगरपट्ट्यातली आदिवासी माणसं कांदा, ऊस, भाजीपाल्याच्या कामाला तिथूनच रोजावर जातात. म्हणजे एकाच गावात शेतमजुराची मजुरी ठरते आणि तमाशावाल्यांची सुपारीही. दोघांचाही हंगाम हुकला तर पावसाळा कठीण जातो.

उचल : आधी पैसे, मग काम

सुपारीची रक्कम फडमालकाला मिळते, कलावंताला नाही. कलावंताचा व्यवहार उचलीवर चालतो. हंगाम सुरू होण्याआधी मालक त्याला एकरकमी पैसे देतो. पावसाळ्यात घर चालवायला, पोराच्या लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला हे पैसे लागतात. मग ठरलेल्या पगारातून किंवा दर खेळाच्या हिशोबातून ती उचल फिटत जाते. फिटेपर्यंत दुसऱ्या फडात जायचं नाही, हा अलिखित कायदा. ऊसतोड कामगाराची उचल ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. तोही बहुतेक वेळा सावकाराकडून किंवा व्याजानं पैसे काढूनच उचल वाटतो. ट्रक, जनरेटर, डिझेल, शिधा याचा खर्च रोजचा. चार सुपाऱ्या बुडाल्या तर त्याचा हप्ता थकतो आणि मालक अडला की खाली पगार अडतो. म्हणून एखाद्या गावानं खेळ झाल्यावर ठरलेल्या रकमेतले पाच-दहा हजार कापून घेतले, तर त्याची झळ शेवटी नाचणाऱ्या पोरीला आणि झिलकऱ्याला बसते.

रात्रीचा क्रम

तमाशाचा बांधा ठरलेला आहे. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. त्यात कृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची मावशी. मावशीचं काम पुरुषच करतो. त्यानंतर बतावणी, म्हणजे सरदार आणि सोंगाड्याची सवाल-जवाबाची गंमत. मग रंगबाजी, म्हणजे लावण्या आणि अलीकडं सिनेमाची गाणी. शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटक.

यात एकेका माणसाला किती कामं असतात ते प्रेक्षकाला कळत नाही. गौळणीत उभी राहिलेली बाई रंगबाजीत लावणी करते आणि वगात राणी नाहीतर पाटलीणबाई होते. झिलकरी मागं सूर धरतो, वगात शिपाई होतो आणि पहाटे ट्रकवर सामान चढवायलाही हात लावतो. ढोलकीवाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उठत नाही. रात्रीच्या गारव्यात हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून स्टेजमागं पेटवलेल्या जाळावर ती मधून मधून तापवावी लागते. पायातल्या चाळांचं वजन काही किलो असतं. ते बांधून दीड-दोन तास नाचल्यावर घोटे सुजतात.

सोंगाड्याचं काम सगळ्यात डोक्याचं. गावात आल्या आल्या तो पारावर बसून माहिती काढतो. सरपंच कोण, घाटात कुणाचा बैलगाडा पहिला आला, रस्ता कधीपासून रखडलाय, नळाला पाणी येतं का. रात्री बतावणीत हेच सगळं बाहेर येतं आणि लोक पोट धरून हसतात. वगाची गोष्ट ठरलेली असली तरी त्यातलं बोलणं पुष्कळदा जागेवर जुळवलं जातं. मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ या वगातून महाराष्ट्रभर पोचले, ते याच हजरजबाबीपणावर.

हजेरी आणि प्रवास

पूर्वापार पद्धतीनं खेळ पहाटेपर्यंत चालायचा. संपल्यावर रंग उतरवायचा, पेट्या भरायच्या आणि शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या मांडवात नाहीतर गाडीतच आडवं व्हायचं. तीन-चार तासांनी उठायचं, कारण आपल्या भागात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. देवळापुढं किंवा पारावर भर उन्हात, विना पडद्याची, दोन-तीन तासांची. गावची वडीलधारी मंडळी समोर बसतात, लावणीची फर्माईश करतात आणि दौलतजादा देतात. तो पैसा कुणाला किती जायचा याची रीत प्रत्येक फडाची वेगळी.

हजेरी आटोपली की जेवण, मग ट्रक पुढच्या गावाला. चैत्र-वैशाखातलं दुपारचं ऊन, गाडीचा पत्रा तापलेला, त्यात बायका-पोरं. संध्याकाळी पोचेपर्यंत बिगाऱ्यांना स्टेज बांधायचं असतं, आचाऱ्याला चूल पेटवायची असते. झोप मिळते ती तुकड्या-तुकड्यात. घसा बसणं, ताप, जुलाब हे हंगामात रोजचं. तरी सुट्टी नाही, कारण एक गौळण कमी पडली तरी समोरचं गाव ओरडतं.

वळवाचा पाऊस ही आणखी एक धास्ती. उघड्यावरचा खेळ अर्ध्यात थांबला तर पैसे पूर्ण द्यायचे की अर्धे, यावरून वाद होतात. ज्या कमिट्या सुपारी देतानाच हे कागदावर लिहून घेतात तिथं भांडण होत नाही.

बाईमाणसाची अडचण

तमाशा बाईच्या नावावर चालतो, पण तिची सोय सगळ्यात शेवटी बघितली जाते. यात्रेच्या गर्दीत कपडे बदलायला आडोसा नसतो, अंघोळीला पाणी नसतं, शौचाला अंधारात लांब जावं लागतं. त्यात दारू पिऊन स्टेजजवळ येणारी, हात धरू पाहणारी पोरं. मोबाईल आल्यापासून नवी भानगड झालीय. कुठूनही शूटिंग करायचं आणि नको ते तुकडे काढून पसरवायचे. फडातल्या कित्येक बायांची मुलं गावाकडं आजीजवळ शाळेत असतात. ते तुकडे त्या मुलांच्याही मोबाईलवर जातात.

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांची गोष्ट या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत नाचायला आल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे शेवटचे दिवस मात्र ओढाताणीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं. आज राज्य शासन त्यांच्या नावानं तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं. ती गोष्ट कौतुकानं सांगितली जाते. पण बाळंत झालेल्या बाईला त्या रात्री पुन्हा का उभं राहावं लागलं, याचा विचार कमी होतो. खेळ थांबला असता तर प्रेक्षक खवळले असते, पैसे बुडाले असते आणि सगळ्या फडाचं पोट त्यावर होतं. आजही आजारी कलावंत रंग लावून उभा राहतो तो याच कारणानं.

दहाचा नियम

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपुरती १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण आपल्या गावची यात्रा त्या दिवसांत बसेलच असं नाही. यात्रेत छबिना आणि पालखी होईपर्यंतच नऊ-साडेनऊ वाजतात. मग तमाशाला उरतं काय?

याचा परिणाम कलेवर झालाय. वेळ कमी म्हणून गण-गौळण आटोपती घ्यायची, बतावणी कापायची, गाणी तेवढी ठेवायची आणि वग सुरू होतो न होतो तोच बंद. वग करणारा जुना नट अशानं बिनकामाचा ठरतो आणि नाचणाऱ्या पोरींचीच मागणी वाढते. मग लोक म्हणतात तमाशा राहिला नाही, ऑर्केस्ट्रा झालाय. काही गावांनी खेळ संध्याकाळी लवकर सुरू करून किंवा हजेरीलाच वगाचा एखादा प्रवेश ठेवून यातून वाट काढलीय. झोपेची वेळ म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची आणि परीक्षेच्या पोरांचीही असते. म्हणून नियमाला शिव्या देण्यापेक्षा छबिन्याची वेळ अलीकडं घेणं सोपं.

दोन कोरडे हंगाम आणि पुढं

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातलं लॉकडाऊनही त्याच दिवशी सुरू झालं. सुपाऱ्यांचा ऐन दिवस गेला. २०२१ चा उन्हाळाही निर्बंधात गेला. उचल घेतलेली, काम नाही, फेडायची कशी? कुणी भाजी विकली, कुणी शेतात रोजानं गेलं, काही जण परत फडात आलेच नाहीत. पुढं १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली. घाट पुन्हा भरू लागले, यात्रांना गर्दी परतली आणि फडांनाही थोडा दम मिळाला.

म्हातारपणाचा प्रश्न अजून आहेच. पन्नाशी ओलांडलेल्या आणि किमान १५ वर्षं कला क्षेत्रात काढलेल्या गरजू कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे. २०२४ पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव असून महिन्याला ५ हजार रुपये मिळतात. अडतं ते पुराव्यावर. आयुष्य ट्रकमध्ये गेलेल्या माणसाकडं १५ वर्षांची कागदपत्रं कुठून असणार? जुनी हँडबिलं, फोटो, गावांनी दिलेली पत्रं हीच त्याची कमाई.

कमिटीला जमण्यासारखं

यात्रा कमिटीनं मनावर घेतलं तर फार खर्च न करता बरंच होतं. सुपारीच्या कागदावर पाऊस आला तर काय, आणि हजेरी आहे की नाही, ते आधीच लिहावं. ठरलेली रक्कम खेळ संपताच पूर्ण द्यावी. बायकांसाठी शाळेच्या दोन खोल्या आणि शौचालय उघडून द्यावं, पाण्याचा एक टँकर उभा करावा. स्टेजजवळ गावचीच चार जबाबदार माणसं बसवावीत. आणि जाताना फडातल्या प्रत्येक कलावंताच्या नावानं, तारीख टाकून, कमिटीच्या शिक्क्यासह एक पत्र द्यावं. गावाला त्याला एक कागद लागतो. तो कागद वीस वर्षांनी एखाद्याच्या महिन्याच्या पाच हजारांना उपयोगी पडेल.