लॅपटॉप घेताना आधी पडदा पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेश झाले, की घराघरांत लॅपटॉपची बोलणी सुरू होतात. आमच्या शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आता आपल्या मुलीही डिप्लोमा-डिग्रीला जातात, अल्हम्दुलिल्लाह. मग खामगाव नाहीतर अकोल्याचे दुकान गाठले जाते. अब्बा किंमत विचारतात, मुलगा रॅम आणि प्रोसेसर विचारतो. पडदा, म्हणजे स्क्रीन कशी आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. रॅम पुष्कळ लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. पडदा बदलणे मात्र महागात पडते. जो घेतला, तोच पुढे कित्येक वर्षे डोळ्यांसमोर राहतो.

आपल्या घरांत तर एकाच लॅपटॉपवर सगळे वाचतात. मोठी मुलगी कॉलेजचे काम करते, धाकटा बालभारतीचे उर्दू किंवा मराठी पुस्तक पीडीएफमध्ये उघडतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, पडद्यावर आपली अक्षरे कशी दिसतात यावरून तो निवडावा.

अक्षर आणि ठिपके

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांनी बनते. त्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या ‘एचडी’ पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. ‘फुल एचडी’वर १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. १५.६ इंची पडद्यावर पहिल्या प्रकारात एका इंचात सुमारे १०० ठिपके बसतात, दुसऱ्यात १४१.

इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांतही निभावून जाते. उर्दूचे तसे नाही. बे, पे, ते यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो आणि अक्षरे एकमेकांवर चढतात. ही लिपी संगणकावर आणणे इतके अवघड होते की १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालीक’ येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातांनीच लिहिली जात. अशा लिपीत ठिपके कमी पडले की तीन नुक्त्यांचा एक डाग होतो आणि पे-बे ओळखू येत नाही. मराठीतही तेच. अनुस्वार, रफार, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत गोंधळ होतो. मूल अडखळते आणि आपण म्हणतो, याचे वाचन कच्चे आहे. म्हणून फुल एचडीच्या खाली जाऊ नये.

आकार किती?

पडदा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. रोज पाठीवर बॅग घेऊन बस-रेल्वेने जाणाऱ्या मुलीला १४ इंच सोयीचा. लॅपटॉप घरातच राहणार असेल, दोघे-तिघे मिळून पाहणार असतील, तर १५.६ इंच बरा.

पडद्याची उंचीही पाहा. पुस्तकाचे पान उभे असते, लॅपटॉपचा पडदा आडवा. नेहमीचा पडदा १६ः९ प्रमाणाचा असतो. अलीकडे १६ः१० प्रमाणाचेही मिळतात. १४ इंची १६ः१० पडद्याची उंची सुमारे १८.८ सेंटिमीटर भरते, तर १५.६ इंची १६ः९ पडद्याची १९.४. म्हणजे लहान लॅपटॉपवरही जवळजवळ मोठ्याइतकेच पान दिसते.

पडद्याचा प्रकार

टीएन हा स्वस्त प्रकार. समोरून ठीक दिसतो, पण बाजूने किंवा वरून पाहिले की रंग उडतात. चटईवर दोन भावंडे शेजारी बसली तर एकालाच नीट दिसते. आयपीएस सर्व बाजूंनी सारखा दिसतो. आपल्या घरांसाठी हाच योग्य. ओएलईडीचे रंग आणि काळेपणा फार सुंदर, पण किंमत जास्त आणि तेच ते चित्र सतत राहिल्यास त्याचा ठसा उमटण्याचा धोका असतो. छायाचित्र किंवा डिझाइनचे काम नसेल तर त्याची गरज नाही. व्याजाच्या हप्त्यांवर ओएलईडी घेण्यापेक्षा रोखीत परवडणारा आयपीएस केव्हाही चांगला.

उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. पुष्कळ स्वस्त लॅपटॉप २५० निट्सचे असतात. खोलीत चालतात. पण वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात वीज गेली की आपण दाराशी, ओसरीवर येऊन बसतो. तिथे ३०० किंवा जास्त हवेत. पडदा चकचकीत नको, मॅट घ्यावा. चकचकीत पडद्यात अक्षरांआधी आपलाच चेहरा दिसतो.

दुकानात काय करावे

पेन ड्राइव्हमध्ये एक उर्दू आणि एक मराठी धडा घेऊन जा. नेहमीच्या आकारात उघडा आणि हातभर अंतरावरून वाचून पाहा. ज्याला वापरायचा आहे त्यालाच वाचू द्या. मग बाजूने पाहा. सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडून १९२० हा आकडा खरोखर आहे का, तपासा. पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे पान उघडले की एखादा मेलेला ठिपकाही सापडतो. जुना लॅपटॉप घेताना तर ही तपासणी हवीच.

घरी आल्यावर

चांगला पडदाही मांडीवर ठेवून वाकून पाहिला तर मान दुखणारच. आपल्या वडीलधाऱ्यांनी रेहल आणि ठेंगणी डेस्क उगाच वापरली नाही. पान डोळ्यांकडे उचलायचे, मान पानाकडे झुकवायची नाही. लॅपटॉपखाली लाकडी पाट ठेवला तरी काम होते. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट दूर पाहावे. निळ्या प्रकाशाच्या खास चष्म्याची शिफारस अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची अकादमीही करत नाही. ते पैसे वाचवा. अक्षर मोठे करूनही मूल पडद्याजवळ सरकत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

गरजेपेक्षा जास्त खर्च हा इसराफ आहे, हे आपण मुलांना शिकवतो. पण थोडे पैसे वाचवण्यासाठी त्यांचे डोळे ताणणे ही काटकसर नव्हे. डोळे ही अल्लाहची अमानत आहे. पैसे कमीच असतील तर इतर गोष्टींत एक पायरी खाली उतरा, पडद्यात उतरू नका.