दीड हजार डॉलरची ऊब

कॅनडात शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी प्रेशर कुकर, मसाले आणि औषधांची यादी पुरी झाली की गाडी थंडीच्या जॅकेटवर येते. आधी गेलेल्यांचे सल्ले येतात, फोटो येतात, आणि त्या फोटोंतल्या काही बाह्यांवर लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचा गोल बिल्ला दिसतो. कॅनडा गूजचं जॅकेट. त्या कंपनीचा जाड पार्का साधारण दीड हजार कॅनेडियन डॉलरना पडतो, मॉन्क्लेरचा त्याहूनही महाग. टोरांटो, माँट्रियल, बॉस्टन, शिकागो अशा शहरांतल्या कॉलेजांच्या आवारात हे कोट आता अप्रूपाचे राहिलेले नाहीत, त्यामुळे ‘तिकडे असंच लागतं’ असा समज होणं साहजिक आहे. माझं मत आधीच सांगतो. चांगलं जॅकेट ही तिथे चैन नाही, ते घ्यायलाच हवं आणि त्यात चिंगूसपणा करू नये. पण दीड हजार डॉलरचं जॅकेट विद्यार्थ्याने घेऊ नये, कारण ठरावीक किमतीच्या पुढे मिळते ती जास्तीची ऊब त्याच्या रोजच्या दिवसात वापरलीच जात नाही.

हा कोट मुळात कुणासाठी तयार झाला, ते पाहण्यासारखं आहे. पक्ष्यांच्या अंगावरचे, पिसांखालचे मऊ तंतू, म्हणजे डाउन, कपड्यात भरून थंडी अडवायची कल्पना जुनी आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने बलूनच्या कापडात आयडर बदकाचं डाउन भरून शिवलेला कोट घातला होता. कॅनडा गूजची सुरुवात १९५७ मध्ये टोरांटोत ‘मेट्रो स्पोर्ट्‌सवेअर’ या नावाने झाली, आणि तिचा प्रसिद्ध ‘एक्स्पिडिशन’ पार्का १९८० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅक्मर्डो तळावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी बनवला गेला. डाउनमध्ये स्वतःची उष्णता नसते. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. एक औंस डाउन नळकांड्यात सोडलं की ते फुलून किती घनइंच जागा व्यापतं, त्या आकड्याला फिलपॉवर म्हणतात. एक्स्पिडिशनमधल्या डाउनची फिलपॉवर ६२५ आहे. बाजारात याहून मोठ्या आकड्याची जॅकेटं चौथाई किमतीतही मिळतात. अर्थात नुसत्या आकड्याने फसू नये. ८०० फिलपॉवरचं मूठभर डाउन भरलेलं पातळ जॅकेट ६२५ च्या जाडजूड पार्क्याला हरवू शकत नाही. ऊब ठरते ती आत किती भरलंय, शिवणीतून वारा शिरतो का, टोपी चेहऱ्याभोवती आवळता येते का आणि चेनवर झडप आहे का, यावरून. यातली एकही गोष्ट बिल्ल्यावर अवलंबून नाही.

कंपनी स्वतः आपल्या कोटांना एक ते पाच अशा पायऱ्या लावते. पाचवी पायरी उणे तीस अंश आणि त्याखालच्या थंडीसाठी, तिसरी उणे दहा ते उणे वीससाठी, दुसरी शून्य ते उणे पंधरासाठी. आता शहरं पाहा. टोरांटोत जानेवारीतलं रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे सात-आठच्या आसपास असतं. व्हँकुव्हरला पारा सरासरीने शून्याच्या वरच राहतो. विनिपेगचं किमान मात्र उणे वीसच्याही खाली जातं आणि तिथली थंडी खरोखरच जीवघेणी आहे. त्यात वारा असतो. अंगाभोवतीचा कोमट हवेचा थर वारा उडवून नेतो, म्हणून उणे वीसला ताशी वीस किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला उणे तीस असल्यासारखं लागतं, आणि अशा वेळी दहा ते तीस मिनिटांत कातडी गोठू शकते. हे गंभीरपणे घ्यायलाच हवं. पण गोठतं काय? नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, बोटं. कोट कितीही भारी असला तरी हे अवयव त्याच्या बाहेरच राहतात. बर्फाच्या चिखलातून चालताना साध्या स्पोर्ट्‌स शूजमध्ये पाणी शिरलं, की वरच्या दीड हजार डॉलरचा पायांना काडीचा उपयोग होत नाही. शिवाय विद्यार्थी दिवसातला किती वेळ उघड्यावर असतो? बसस्टॉपवरची दहा-पंधरा मिनिटं, वसतिगृह ते वर्ग एवढी चाल. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठाच्या इमारती सुमारे पाच किलोमीटरच्या भुयारांनी जोडलेल्या आहेत, टोरांटो आणि माँट्रियलच्या मध्यभागी जमिनीखालून मैलोन्‌मैल चालता येतं. उणे तीसचा पार्का चढवून तापवलेल्या मेट्रोत शिरलेल्या मुलाला घाम फुटतो, आणि ओलसर अंगाने पुन्हा बाहेर पडणं हे थंडी बाधण्याचं हमखास कारण असतं.

म्हणून जाणती माणसं तिथे एका जाड कोटापेक्षा थरांवर भर देतात. आत घाम शोषून दूर नेणारं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. गोधडीत थरावर थर घालून आजीने जी ऊब साधली, तेच तत्त्व. उणे पाचला एक थर कमी, उणे वीसला एक जास्त. आतलं थर्मल तेवढं सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंग गार पडतं.

आता पैशांचं. कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी क्युबेकबाहेर एकट्या विद्यार्थ्याला शुल्काखेरीज राहण्या-जेवण्याच्या खर्चापोटी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२५ पासून हा आकडा लागू आहे. दीड हजाराच्या कोटावर ओंटारिओतला १३ टक्के विक्रीकर धरला तर बिल होतं १,६९५ डॉलर. सरकारच्याच हिशेबाने ही जवळपास सत्तावीस दिवसांच्या राहण्या-खाण्याची रक्कम झाली. ऑक्टोबर २०२५ पासून ओंटारिओत किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे आणि विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला चोवीस तासच काम करता येतं. म्हणजे पूर्ण चार आठवडे कॉफी ओतून आणि रॅक लावून मिळालेला सगळा पगार, कर कापण्याआधीचा, एका कोटात जातो. रुपयांत हे लाखाच्या घरात जातं. तो लाख शैक्षणिक कर्जातून आला असेल तर गणित आणखी बोचतं. दहा टक्के साधं व्याज धरलं, तरी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं, एवढ्यात एक लाखाचे एक लाख तीस हजार होतात, आणि हप्ता तर त्यानंतर सुरू होतो. तारण म्हणून आईवडिलांनी राहतं घर लिहून दिलेलं असताना हा खर्च ‘माझा पैसा, माझी आवड’ म्हणून सोडून देता येत नाही.

यावरचा सगळ्यांत दमदार आक्षेप टिकाऊपणाचा आहे. ‘सस्ता रोए बार बार’ हे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ते पुष्कळदा खरंही असतं. एका हिवाळ्यात शिवण उसवणारं, पिसं गळणारं साठ डॉलरचं जॅकेट घेणं हा शुद्ध तोटा. पण इथे तुलना साठ आणि पंधराशेची नाही. दोनशे-तीनशे डॉलरच्या टप्प्यात कोलंबिया, डीकॅथलॉन, युनिक्लो अशांची नीट भरलेली, टोपीची, चार-पाच हिवाळे काढणारी जॅकेटं मिळतात. पंधराशेचं जॅकेट कदाचित पंधरा वर्षं जाईल, पण दोन वर्षांनी हा विद्यार्थी व्हँकुव्हरला नोकरीला असेल की बंगळुरूला परतलेला असेल, हे त्यालाही सांगता येणार नाही. कंपनीची आजीवन वॉरंटी बोलते ती शिवणीच्या आणि मालाच्या दोषाबद्दल, रोजच्या झिजेबद्दल नाही. पुन्हा विकता येतं हेही खरं. पण त्या व्यवहारात फायदा वापरलेलं घेणाऱ्याचा होतो. विद्यार्थ्याने उभं राहावं तर त्या बाजूला. फक्त नकली मालाचा सुळसुळाट ओळखून राहावं. त्याच भीतीने कंपनीने २०११ पासून आपल्या कोटांत होलोग्राम शिवायला घेतला.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. परक्या देशात, वेगळ्या वर्णाच्या, वेगळ्या उच्चारांच्या मुलाला आपण इथे उपरे दिसू नये असं वाटतं, आणि तो कोट त्याला ओळखपत्रासारखा वाटतो. या गरजेला कुणी उथळ म्हणू नये. ती जुनी आहे आणि फार ताकदवान आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच नोंदवलं होतं, की नीटनेटकं दिसण्यासाठी लोक कडक हवेतही अपुरे कपडे घालून हिंडतात. दक्षिण कोरियात २०११ च्या सुमारास शाळकरी मुलांत नॉर्थ फेसच्या जॅकेटांचं वेड इतकं पसरलं, की कुणाचं जॅकेट किती किमतीचं त्यावरून वर्गात पायऱ्या ठरू लागल्या आणि आईबापांवर खर्चाचा भार पडू लागला. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या वुडचर्च हायस्कूलने मॉन्क्लेर, कॅनडा गूज आणि पिरेनेक्स या कोटांवर बंदी घातली, कारण ज्यांना ते परवडत नव्हते त्या मुलांना वर्गात उभं राहणंही अवघड होत होतं. या दोन्ही ठिकाणी दिसतं ते असं, की अशा कोटाने मिळालेली जागा दुसऱ्या कुणाला खाली ढकलूनच मिळते आणि पुढच्या हिवाळ्यात नवा ब्रँड आला की ती निसटते. वर्गात बोलणं, सोबत जेवायला बसणं, एकत्र अभ्यास करणं यांतून जुळलेल्या ओळखींना बिल्ला लागत नाही. आणि बिल्ला नको ती नजरही ओढून घेतो. जानेवारी २०१९ मध्ये शिकागोत बंदूक रोखून लोकांच्या अंगावरची कॅनडा गूजची जॅकेटं पळवली गेली होती.

अपवाद आहेत, आणि ते खरे आहेत. भूगर्भशास्त्राची किंवा हवामानाची विद्यार्थिनी युकॉनला किंवा नुनाव्हूतला हिवाळी क्षेत्रकामाला जाणार असेल, तर पाचव्या पायरीचा कोट हे तिचं साधन आहे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. अर्थात तेव्हाही आधी विभागाला विचारावं, कारण अशा कामासाठी कपडे पुष्कळदा विभागच पुरवतो. बाकीच्यांनी तीनशे डॉलर जॅकेटला ठेवावेत आणि उरलेल्यातून आधी पाय सांभाळावेत. पाणी न शिरणारे, आतून अस्तर असलेले, तळ खडबडीत असलेले बूट, दोन जोड लोकरी मोजे, पंजे (बोटं एकत्र राहतात असे, वेगवेगळ्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा हेच उबदार) आणि कान झाकणारी टोपी. सप्टेंबरच्या सत्राला जाणाऱ्याने जॅकेट इथून नेऊच नये, थर्मल तेवढे न्यावेत. तिथे ऑक्टोबरपर्यंत वेळ असतो, शहराची हवा कळते आणि व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत फेरी मारता येते. जानेवारीच्या सत्राला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो विमानतळाच्या दारातून थेट उणे पंधरात पाऊल टाकतो, तेव्हा इथल्या एखाद्या डीकॅथलॉनमधून घेतलेलं बरं जॅकेट त्याच्या बॅगेत नको, हातात हवं.