खेळाडूंचे कान : एक दुर्लक्षित दुखापत

सुट्टी लागली की मैदाने, तरणतलाव आणि बावखले मुलांनी गजबजतात. खेळताना गुडघा फुटला तर घरी हळद लागते, मनगट मुरगळले तर पट्टी बांधली जाते. कानाला बसलेला मार मात्र बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. बाहेरून काही दिसत नाही आणि मूलही बोलत नाही. म्हणून या विषयाकडे पालकांचे व क्रीडाशिक्षकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कुस्तीच्या तालमीत मोडलेला कान हे पैलवानाचे भूषण मानले जाते. वस्तुतः ती उपचाराविना राहिलेली दुखापत असते. बाह्यकर्णातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरील पातळ आवरणातून तिचे पोषण होते. घर्षणाने किंवा माराने या दोहोंमध्ये रक्त साचले की पोषण तुटते आणि कान गाठाळ होऊन फुलकोबीसारखा दिसू लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतल्यास कानाचा आकार बहुधा वाचतो. घरी सुई टोचणे मात्र धोक्याचे आहे. सरावाच्या वेळी कान झाकणारे शिरस्त्राण वापरणे हा सोपा प्रतिबंध होय.

कबड्डीत कानशिलावर हात बसला, फुटबॉल जोराने कानावर आदळला किंवा पोहणारा पाण्यात कानावर पडला, तर कर्णनलिकेतील हवा एकाएकी दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. कळ येणे, दडा बसणे, कानात गुणगुण होणे, रक्तमिश्रित पाणी येणे ही त्याची लक्षणे. असा पडदा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. मात्र तोवर कान कोरडा राहिला पाहिजे. आमच्या लहानपणी कान दुखला की कोमट तेलाचे थेंब ठरलेले असत. फाटलेल्या पडद्याला हाच उपाय अपाय ठरतो.

खोल बुडी मारणाऱ्यांनीही जपावे. पाण्यात १० मीटर खोलीवर शरीरावरील दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नळी सर्दीने बंद असेल, तर आतबाहेरचा दाब समान होत नाही आणि पडद्यास इजा होते. सर्दी असताना बुडी मारू नये, हे साधे पथ्य आहे.

याहून गंभीर इजा आवाजाची. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्यांचा आदर्श ठेवून नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे जाणावे की बंदुकीच्या गोळीचा आवाज १४० डेसिबल वा त्याहून अधिक असू शकतो. कर्णरक्षकाविना एकही गोळी झाडू नये. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पडदा भरून येतो, गेलेल्या केशपेशी येत नाहीत. हा भेद ध्यानी ठेवावा.

मार लागल्यानंतर ऐकू कमी येणे, चक्कर येणे, किंवा डोक्याला मार बसून कानातून रक्त वा स्वच्छ पाणी वाहणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे.

खेळ मुलांना शिस्त, संघभावना आणि आरोग्य देतो. तो थांबवावा असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. खेळ संपल्यावर शिक्षकांनी व पालकांनी आस्थेने एवढेच विचारावे, ‘बाळा, दोन्ही कानांनी नीट ऐकू येते ना?’ या एका प्रश्नाने एखाद्या मुलाची श्रवणशक्ती वाचू शकेल.