वंशजांचा पैसा, अभ्यासकाचा प्रश्न

ऑक्टोबर १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नांतचा जाहीरनामा रद्द केला. त्याचे आजोबा चौथे हेन्री यांनी १५९८ मध्ये ह्यूगनॉटांना, म्हणजे फ्रान्समधल्या कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांना, उपासनेची जी मुभा दिली होती ती एका सहीने गेली. देश सोडून जायलाही बंदी होती. तरीही दीड ते दोन लाख माणसे निसटली आणि लंडन, रॉटरडॅम, बर्लिन, जिनीव्हा, आफ्रिकेचे दक्षिण टोक, अमेरिका अशी पांगली. माणसे पांगली तसा त्यांचा इतिहासही पांगला. तो फ्रान्सचा म्हणावा तर अर्धा परदेशात घडला; इंग्लंडचा किंवा जर्मनीचा म्हणावा तर तिथे तो एक प्रकरणच ठरतो. राष्ट्राच्या चौकटीत आखलेल्या संशोधन-निधीत असा विषय सहज बसत नाही. ही उणीव प्रामुख्याने वंशजांच्या आणि धर्मबांधवांच्या संस्थांनी भरून काढली. पॅरिसमध्ये १८५२ साली, न्यूयॉर्कमध्ये १८८३ साली आणि लंडनमध्ये १८८५ साली, जाहीरनामा रद्द झाल्याच्या द्विशताब्दीला, अशा संस्था उभ्या राहिल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. पण या विषयासाठी जमलेला पैसा रक्त पाहून नव्हे, तर प्रश्न पाहून दिला जावा, असे माझे ठाम मत आहे.

या अभ्यासाला पैसा का लागतो, हे आधी पाहू. जे ह्यूगनॉट फ्रान्समध्येच राहिले त्यांना १६८५ पासून १७८७ च्या व्हर्सायच्या जाहीरनाम्यापर्यंत प्रॉटेस्टंट म्हणून कायदेशीर अस्तित्वच नव्हते. कागदोपत्री ते ‘नवे कॅथलिक’ होते. रानावनात चोरून भरणाऱ्या सभांमध्ये पाद्र्याने लावलेले लग्न सरकारदरबारी लग्न नव्हते, आणि त्यातून झालेले मूल वारस नव्हते. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा माग काढायचा तर कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, दस्तलेखकांकडचे करार आणि मृत्युपत्रे, खटल्यांचे कागद असे सगळे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. त्याच घराण्याची एक शाखा ॲम्स्टरडॅमला आणि दुसरी लंडनला गेली असेल, तर डच आणि इंग्रजी दफ्तरेही उघडावी लागतात. सतराव्या शतकातली हस्ताक्षरे वाचायला शिकणे हे वेगळेच काम. लंडनच्या संस्थेने थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच चर्चच्या नोंदी छापल्या, म्हणून निदान तो भाग हाताशी आहे. बाकीच्यासाठी प्रवास, मुक्काम आणि भाषाशिक्षण यांचा खर्च येतो. रकमा प्रचंड नसतात, पण त्या वेळेवर मिळाल्या नाहीत तर तरुण अभ्यासक विषयच बदलतो.

यावर सरळ आक्षेप असा, की पैसा वंशजांचा आहे, मग तो त्यांनी आपल्या मुलांना का देऊ नये? जरूर द्यावा. अमेरिकेत ह्यूगनॉट वंशाच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळतात, आणि पूर्वजांच्या स्मरणार्थ नातवंडांना शिकवण्यात गैर काहीच नाही. मात्र तो विद्यार्थी इंजिनिअर झाला तर इतिहासाच्या ज्ञानात त्याने भर पडत नाही. शिवाय अभिमानातून लिहिलेल्या इतिहासाला एक ठरावीक वळण लागते. सॅम्युएल स्माइल्सने १८६७ मध्ये ह्यूगनॉटांवर पुस्तक लिहिले, त्यात उद्यमशील निर्वासितांनी इंग्लंडला संपन्न केल्याचे चित्र आहे. त्याच चित्राची दुसरी बाजू म्हणजे हे लोक गेल्यामुळे फ्रान्स कंगाल झाला, ही समजूत. १९६० मध्ये वॉरन स्कोव्हिल यांनी या समजुतीची तपासणी केली. त्या काळातल्या फ्रान्सच्या आर्थिक घसरणीला युद्धांसारखी इतर कारणे जास्त जबाबदार होती, असे त्यांनी दाखवले. म्हणून निर्वासितांचे कर्तृत्व खोटे ठरले का? मुळीच नाही. एरिक हॉर्नुंग यांनी २०१४ मध्ये प्रशियातल्या वसाहतींच्या १७०० च्या सुमाराच्या याद्या आणि १८०२ सालच्या कापड कारखान्यांची आकडेवारी जोडून पाहिली. जिथे ह्यूगनॉटांचे प्रमाण जास्त होते तिथे शंभर वर्षांनंतरही उत्पादकता जास्त होती. एका ठिकाणी दंतकथा ढासळली, दुसऱ्या ठिकाणी तिच्यातला खरा अंश पक्का झाला. दोन्ही वेळा निर्णय कागदपत्रांनी दिला. पूर्वजांचा खरा सन्मान मला यातच दिसतो.

आता सगळे संगणकावर मिळते, मग प्रवासखर्च कशाला, असेही विचारले जाते. चर्चच्या वह्या मोठ्या प्रमाणावर चढल्या आहेत, कारण वंशावळ शोधणाऱ्यांना त्या हव्या असतात. गावोगावच्या दस्तलेखकांचे जाडजूड गठ्ठे अजूनही बरेचसे कागदावरच आहेत.

राहिला प्रश्न या दूरच्या विषयाशी आपल्या देण्याघेण्याचा. गोव्याला येऊन गेलेला आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची वर्णने लिहिणारा टॅव्हर्नियर प्रॉटेस्टंट होता. इराण आणि हिंदुस्थान पालथा घालणारा जवाहिऱ्या शार्दँ हाही प्रॉटेस्टंट. फ्रान्समध्ये छळ वाढू लागल्यावर तो १६८१ मध्ये लंडनला गेला आणि त्याचा भाऊ दानिएल हिऱ्यांच्या व्यापारासाठी मद्रासला राहिला. आपण त्यांना ‘फ्रेंच प्रवासी’ म्हणून वाचतो. त्यांना भांडवल कोणी दिले, हिरे कोणाच्या हाती गेले, त्या व्यवहारात धर्मबांधवांचे जाळे किती कामी आले, हे विचारणारा अभ्यासक मराठी, फारसी आणि फ्रेंच जाणणारा असू शकतो. ह्यूगनॉट पूर्वज नाही म्हणून त्याचा अर्ज बाजूला पडला, तर तोटा त्याच्याइतकाच त्या संस्थेचाही आहे.