कुंचल्याऐवजी प्रकाशझोत

प्रकाश आणि ध्वनी यांनाच कलेचे मूळ द्रव्य मानून चित्रकार, छायाचित्रकार, संगीतकार अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील मंडळींनी एका छताखाली प्रयोग करावेत, या कल्पनेचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ ते १९७२ या काळात मुंबईत चालवलेली 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' ही कार्यशाळा होय. पदमसींना मिळालेल्या जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या आधारावर ती उभी राहिली. कॅमेरा, संकलनाची साधने आणि अंधारखोली त्या काळी एकट्या कलावंताच्या आवाक्याबाहेर होती. ती सर्वांना खुली झाली, यातच या उपक्रमाचे खरे मोठेपण आहे.

जे. जे. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी या कार्यशाळेत सहभागी झाल्या. पुठ्ठ्याची वास्तुप्रतिकृती रंगीत प्रकाशात ठेवून, एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपत, म्हणजे स्टॉप मोशन पद्धतीने, त्यांनी 'ड्रीम हाउसेस' हा लघुपट घडवला. कॅमेऱ्याविना छायाचित्रे घेण्याचा प्रयोगही त्यांनी येथेच केला. या तंत्राला फोटोग्राम म्हणतात: अंधारात प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू ठेवून क्षणभर उजेड पाडला, की उघडा भाग काळवंडतो आणि वस्तूने झाकलेला भाग पांढरा राहतो, वस्तू अर्धपारदर्शक असेल तर त्यातून करड्या छटांचे अनपेक्षित थर उमटतात.

पदमसींचा स्वतःचा 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' हा लघुपट रंगीत प्रकाशाच्या आकृत्यांवर उभा होता आणि त्याला गीता साराभाई यांच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड होती. प्रकाशाचे गणित रंगपेटीपेक्षा वेगळे असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तांबडा आणि हिरवा रंग कालवले तर मळकट तपकिरी छटा मिळते, परंतु त्याच रंगांचे दोन झोत पडद्यावर एकमेकांवर पडले तर तेथे पिवळा उजेड दिसतो. या लघुपटाची एकमेव प्रत पुढे हरवली, ही भारतीय कलेची न भरून येणारी हानी आहे. आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढून त्या प्रतीचा माग घेतला.

नाशिक जिल्ह्याला असे प्रयोग परके नाहीत. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपली होती. याच जिल्ह्यातील, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरच्या नांदगावातही आज अशी कार्यशाळा भरवण्यास फारसे भांडवल लागणार नाही, कारण सायनोटाइप या पद्धतीला अंधारखोलीची गरजच नसते. लोहयुक्त रसायनांचे मिश्रण मंद उजेडात कागदावर लावून वाळवायचे, वर कांद्याच्या बियाण्याचा गोंडा ठेवून कागद उन्हात न्यायचा आणि मग साध्या पाण्यात धुवायचा, की गडद निळ्या पार्श्वभूमीवर गोंड्याचा देठन् देठ पांढरा उमटतो; इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली हीच पद्धत पुढे अभियंत्यांच्या 'ब्लू प्रिंट'साठी रूढ झाली. मालगाडीची धडधड आणि बाजारातल्या आरोळ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्या चित्रांसोबत वाजवल्या, तर ध्वनीचीही सोय होते. पदमसींनी दिली तशी सामाईक जागा मात्र कुणीतरी उपलब्ध करून दिली पाहिजे. तालुक्यातील कलाशिक्षकांनी येत्या उन्हाळी सुटीत शाळेचा एखादा वर्ग त्यासाठी मागून घ्यावा.