मुदतवाढ देण्याआधी कचऱ्याचा ताप मोजा

‘कचरा प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदारास मुदतवाढ देणे’ हा विषय ग्रामपंचायतीच्या विषयपत्रिकेवर बहुधा शेवटी शेवटी येतो. टनामागे दर किती आणि वाढ किती टक्के, एवढ्यावर चर्चा आटोपते नि ठराव मंजूर होतो. मात्र त्या ठरावावर पुढची अनेक वर्षे विहिरीचे पाणी, गावची हवा आणि कामगारांचे आरोग्य अवलंबून असते.

गोव्यातील साळगाव-कळंगुट पठाराचेच पाहा. जिथे पूर्वी उघड्यावर कचरा टाकला जाई, तिथे २०१६ मध्ये प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीची रोजची १०० टनांची क्षमता पुढे २५० टनांवर नेण्यात आली. बार्देशच्या किनारपट्टीवरील गावांचा ओला कचरा इथे बंद टाक्यांत कुजवला जातो आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर वीज तयार होते. उघड्या ढिगात हाच मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. ढिगाला वारंवार लागणाऱ्या आगीमागेही बऱ्याचदा तोच असतो.

कोकण-गोव्यात आणखी एक धोका आहे. इथला जांभा सच्छिद्र. सड्यावर पडलेले पाणी मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत उतरते. ओल्या कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, पक्क्या तळावर अडवून शुद्ध केले नाही, तर तेही त्याच वाटेने जाते. त्यामुळे मुदतवाढीच्या कागदांसोबत पायथ्याच्या विहिरींच्या पाण्याचे पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल जोडलेले हवेत.

दुसरा मुद्दा खताचा. कंपोस्टचा ढीग नीट चालला तर आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापतो. ही उष्णता काही दिवस टिकली आणि ढीग वेळोवेळी उलटवला, तर रोगजंतू, जंतांची अंडी व तणाचे बी बहुतांशी नष्ट होते. ढीग तापलाच नाही, तर हे सगळे खताबरोबर शेतात पोहोचते. त्यामुळे रोजच्या तापमानाची नोंदवही हा प्रकल्पाचा खरा आरोग्यदाखला. मिश्र कचऱ्यातल्या बॅटऱ्या, रंग व इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून खतात जड धातू उतरतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

मग ठेकेदाराने वर्गीकरणाचा आग्रह का धरू नये? इथे कराराची रचना आडवी येते. पैसे आलेल्या वजनावर मिळत असतील, तर भिजलेला, मिसळलेला कचरा जास्त भरतो आणि बिलही वाढते. गावाने कचरा कमी केला की ठेकेदाराचे उत्पन्न घटते. यावर उपाय म्हणजे मोबदल्याचा काही भाग खताच्या दर्जाशी आणि प्रक्रियेनंतर उरणारा टाकाऊ भाग किती कमी झाला याच्याशी जोडणे. मुदतवाढ ही अट घालण्याची उत्तम संधी असते, कारण एकदा सही झाली की हाती काही उरत नाही.

पैशांची बाजूही आरोग्याशी जोडलेली आहे. २०२० पासूनच्या स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रासाठी कमाल १६ लाख रुपये ठरवले गेले. हा निधी मुख्यतः उभारणीसाठी. रोजची मजुरी, वीज आणि दुरुस्ती यांचा भार पंचायतीवर येतो. त्यात काटकसर झाली की यंत्र बंद पडते, कचरा साचतो आणि प्लास्टिकला काडी लागते. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, असे जळाले की डायऑक्सिनसारखी घातक रसायने तयार होतात. तुंबलेल्या कचऱ्यातील टायर-वाट्यांत पाणी साचले, तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची नवी पिढी उडते.

या सगळ्याचा पहिला फटका बसतो तो कचरा वेगळा करणाऱ्या हातांना. सुया, काचा आणि धूळ यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध. धनुर्वात व हिपॅटायटिस बी या दोन्हींवर लस आहे. हातमोजे, बूट, लसीकरण आणि वार्षिक तपासणी करारात लिहिली नसेल, तर ती होईलच याची खात्री नसते.

मुदतवाढीचा विषय ग्रामसभेसमोर आला, तर गावकऱ्यांनी चार कागद मागावेत: विहिरींच्या पाण्याचे अहवाल, ढिगाच्या तापमानाची नोंदवही, खताच्या तपासणीचा दाखला आणि कामगारांच्या लसीकरणाची यादी. चारही समोर आले, तर दराची चर्चा सुरू करायला हरकत नाही. एखादा नसेल, तर तो येईपर्यंत सही थांबू शकते.